आडनाव : रातकिडा

शंभर वर्षांपूर्वीचं एक झेक नाटक, देहूरोडच्या वन बीएचकेत जमलेले सात जण आणि हसता हसता घशात अडकलेला एक प्रवेश...

रात्री एक वाजता किचनचा लाइट लावल्यावर ओट्यावरून जे सुर्रकन पळतं, त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? दया? छे! हात आधी चपलेकडे जातो, विचार नंतर येतो. आलाच तर.

या 'हात आधी, विचार नंतर' प्रकारावर एक सॉलिड नाटक आहे. आपल्याकडचं नाही, पार तिकडचं, झेक भाषेतलं. कारेल आणि योसेफ चापेक या दोन भावांनी ते लिहिलं आणि १९२२ मध्ये ते स्टेजवर आलं. कारेल चापेक म्हणजे 'रोबो' हा शब्द जगाला देणारा लेखक. (खरं तर शब्द सुचला योसेफला, गाजला कारेलच्या नाटकातून. भावाभावांत चालायचंच!) इंग्रजीत हे नाटक 'द इन्सेक्ट प्ले' या नावानं ओळखतात. पात्रं कोण? फुलपाखरं, शेणकिडे, रातकिडे, मुंग्या. मुख्य माणूस एकच, आणि तोही प्यायलेला.

आणि आम्ही ते वाचलं कुठे? देहूरोडला, माझ्या हॉलमध्ये, खाली सतरंजी टाकून.

चिठ्ठी उघडली, किडा निघाला

आमचा ग्रुप सात जणांचा. दोघं हिंजवडीला आयटीत, एक चाकणच्या ऑटो कंपनीत, एक आकुर्डीला शिकवतो, एक बँकेत, एक मैत्रीण बाणेरला एचआरमध्ये. सातवा मी, फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे वेळ भरपूर, पैसे जेमतेम. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींपायी रात्री जागवलेली ही मंडळी आता ईएमआय आणि अप्रेझलच्या चक्रात आहेत. महिन्यातला एक शनिवार जमायचं आणि नाटक वाचायचं, इतकंच काय ते शिल्लक. जागा माझी, कारण लोणावळा लोकल आहे, जुना मुंबई-पुणे हायवे आहे, आणि रात्री उशिरा हसलं तरी खालचे काका कुरकुर करत नाहीत.

आमचा फंडा सोपा. इंग्रजी अनुवाद समोर ठेवायचा आणि वाचता वाचता आपल्या मराठीत बोलत जायचं. रोल चिठ्ठ्या टाकून. मला निघाला रातकिडा.

गोष्ट अशी. एक भटक्या दारू पिऊन रानात पडलाय. त्याला पहिला भेटतो तो फुलपाखरं पकडणारा एक विद्वान. हातात जाळं, खिशात टाचण्या. फुलपाखरू दिसलं की मारायचं आणि टोचून ठेवायचं. का? तर निसर्गावर म्हणे प्रेम आहे! पहिला अंक फुलपाखरांचा. कोरेगाव पार्कातली शनिवारची रात्रच जणू. सगळे सजलेले, सगळे फ्लर्ट करतायत. एका फुलपाखरामागे धावणाऱ्याला वाटेत पक्षी गिळतो, आणि ती परत येऊन हा किस्सा हसत हसत सांगते.

दुसऱ्या अंकात शेणकिड्याचं जोडपं. आयुष्यभर राबून जमवलेला शेणाचा गोळा, त्यावर जिवापाड माया, आणि आता तो ठेवायचा कुठे याचं टेन्शन. आमचा बँकवाला म्हणाला, "अरे, हा तर माझा होम लोनचा कस्टमर!" मग येते गांधीलमाशीच्या कुळातली एक शिकारी माशी. नर आहे, आणि कमालीचा प्रेमळ बाप आहे. बिळात लाडकी लेक बसलीय, अळी. तिच्या खाऊसाठी हा रोज कोणाला तरी मारून आणतो. घरात एवढा मायाळू आणि बाहेर एवढा निर्घृण बाप आम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला होता. त्यामुळे हशा दणकून!

नवं घर, भारी घर

मग माझी एंट्री. रातकिडा आणि त्याची पोटुशी बायको नव्या घरी राहायला येतात. घर आयतंच मिळालंय, कारण आधीच्या मालकाला, म्हणजे दुसऱ्या एका रातकिड्याला, खाटीक पक्ष्यानं धरून काट्यावर टोचलाय. केवढं नशीब! रातकिड्याला या योगायोगाचं इतकं हसू येतं की आवरत नाही. बायको आधी थोडी दचकते, मग तीही हसते. पडदे कुठे लावायचे, याची बोलणी सुरू होतात.

मी जीव तोडून वाचत होतो. सगळे हसून लोळत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आमचा हिंजवडीवाला मित्र बोलला. त्याला चिठ्ठीत माशी निघाली होती. तोही हसतच म्हणाला, "छान घर मिळालं रे तुला. इथं आधी कोण राहणार होतं, ते सांग की सगळ्यांना."

बाकीच्यांना वाटलं, डायलॉगच आहे. मला माहीत होतं, नाहीये.

सांगतो. आधी त्यांना सांगितलं, आता तुम्हाला.

गेल्या वर्षी आम्ही दोघंही घर शोधत होतो. हा फ्लॅट त्यानं माझ्या आधी पाहिला. पगार माझ्या कमाईच्या दुप्पट, कंपनीचं लेटर हातात, डिपॉझिट तयार. मालकांनी पूर्ण नाव विचारलं. गाव विचारलं. नॉनव्हेज खाता का, विचारलं. मग म्हणाले, "सॉरी हं, आम्ही फॅमिलीलाच देतो. बॅचलरला नाही."

त्यानंच मला एजंटचा नंबर दिला. "बघ, तुला मिळतोय का." मी चार दिवसांनी गेलो. मीही बॅचलर, आणि वर कमाईचा काही नेम नाही. मालकांनी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. "हां, म्हणजे आपल्यातलेच!" आतून चहा आला. दहा मिनिटांत व्यवहार ठरला. फॅमिलीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

त्याला फोन केला, "मिळाला रे." तो म्हणाला, "अभिनंदन." शिफ्टिंगच्या दिवशी हाफ डे टाकून आला आणि माझा फ्रिज दोन मजले चढवून दिला.

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. एचआरवाल्या मैत्रिणीनं विचारलं, "पण तू तेव्हाच का नाही विचारलंस त्यांना?" माझ्याकडे तीन उत्तरं होती. आधीचं घर महिनाअखेरीला सोडायचं होतं. डिपॉझिट कमी मागत होते. आणि मी विचारून काय फरक पडला असता? हातात अजून स्क्रिप्ट होतं. रातकिड्यानंही यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं.

मित्र मात्र शांत होता. म्हणाला, "मला सवय आहे रे. आडनाव, गाव, जेवण. तिन्ही उत्तरं मिळाली की चौथा प्रश्न विचारावाच लागत नाही."

तुम्ही म्हणाल, एका घरमालकावरून जग कशाला ठरवायचं? बरोबर. म्हणून हे ऐका. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण, अनुभव सारखाच, बदललं फक्त आडनाव. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला. दलित आडनावाच्या उमेदवारांना इंटरव्ह्यूचे फोन कमी आले, मुस्लिम नावांना त्याहून कमी. म्हणजे बायोडेटा वाचायच्या आधीच वरची ओळ वाचून झालेली असते. कायद्याचं म्हणाल, तर घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, १५व्यानं दुकान, हॉटेल, विहीर सगळ्यांना खुली केली. पण 'फॅमिलीलाच देतो' या वाक्याला कुठल्या कलमात पकडणार?

स्टेशनपासून पंधरा मिनिटं

त्या रात्री तो माझ्याकडेच थांबला. सकाळी पोहे खाल्ल्यावर म्हणाला, "चल, तुझं गाव दाखवतो तुला."

देहूरोड म्हणजे काय, हे मला एका वाक्यात पाठ होतं. लष्कराचा डेपो, कॅन्टोन्मेंट, हायवे, आणि तुकोबांचं देहू इथून थोडं आत. बुद्धविहाराची कमान मी वर्षभर रिक्षातून पाहत होतो. आत कधी गेलो नव्हतो.

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं स्वतःच्या हातानं बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरचं धर्मांतर झालं १४ ऑक्टोबर १९५६ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनंतर. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, हा आपला विचारही बाबासाहेबांनी या कार्यक्रमात मांडला होता, आणि तोही तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर! तारीखही साधीसुधी नाही. १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली होती.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्यानं बडोद्याचा किस्सा सांगितला. १९१७. बाबासाहेब परदेशातून शिकून आलेले, बडोदा संस्थानात मोठ्या पदावर रुजू होणार, आणि शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी लोकांच्या एका सराईत ते पारशी नाव लावून राहिले. कुणकुण लागल्यावर एक दिवस हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लागली. दोन ओळखीच्यांनी घरी ठेवून घ्यायला आडवळणानं नकार दिला. मग एका बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

"मीही एकदा ट्राय केलं," मित्र म्हणाला. "आडनाव गाळलं. फक्त माझं आणि पप्पांचं नाव सांगितलं."

"मग?"

"'पुढे?' म्हणाले."

आणि तो खो खो हसला. मला हसावं की नाही कळेना. नाटक वाचताना अगदी असंच होत होतं.

दोन गवतकाड्यांमधला रस्ता

तिसरा अंक पुढच्या शनिवारी वाचला. मुंग्यांचा. एक आंधळी मुंगी सतत एक-दोन-तीन-चार मोजतेय आणि त्या तालावर सगळं वारूळ धावतंय. ताल वाढवला की काम वाढतं. ("आमचा प्रोजेक्ट मॅनेजर!" आयटीवाले एका सुरात.) मग शेजारच्या पिवळ्या मुंग्यांशी युद्ध पेटतं. कशासाठी? दोन गवतकाड्यांमधल्या रस्त्यासाठी. शत्रूही मुंग्याच आहेत, फक्त पिवळ्या. भाषणं होतात, देवाचे आभार मानले जातात, हजारो मरतात. शेवटी पिवळ्यांचा सेनापती जिंकतो, स्वतःला जगाचा राजा म्हणवतो, आणि तो भटक्या चिडून त्याला बुटाखाली चिरडतो. पहाटे भटक्याही मरतो. दोन गोगलगायी मजेत बघत असतात.

नाटक मुळात जातीवर नाही, हे मान्य. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, त्या काळाची ही खिल्ली आहे. पण पुढे या भावांचं काय झालं, ते वाचून आम्ही गप्प झालो. कारेल गेला २५ डिसेंबर १९३८ला. (तारीख ऐकून मित्रानं मला कोपरानं ढोसलं.) १९३९च्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गेस्टापो कारेलला पकडायला आली तेव्हा तो जाऊन तीन महिने होत आले होते. चित्रकार योसेफनं हिटलरविरोधी व्यंगचित्रं काढली होती. त्याला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उचललं. साडेपाच वर्षं एका छावणीतून दुसऱ्या छावणीत. १९४५च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्सनच्या छावणीत तो संपला. तिथं तेव्हा टायफसची साथ होती. टायफस पसरतो उवांमुळे.

उवा. नाझींनी पोलंडमध्ये जी पोस्टर्स लावली, त्यांत ज्यू, उवा आणि टायफस एकाच ओळीत होते. ऑशविट्झमध्ये वापरलेला झायक्लॉन-बी हा वायू मुळात किडे-उंदीर मारायचं औषध. १९९४ मध्ये रवांडातल्या रेडिओवर तुत्सींना रोज झुरळं म्हटलं जात होतं. शंभरेक दिवसांत लाखो माणसं कापली गेली. सुरुवातीला फक्त शब्द असतो. तो रुळला की चप्पल उचलायला विचार करावा लागत नाही.

आपल्याकडे शब्द जरा सभ्य असतात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नव्या माणसाबद्दल कोणीतरी हळूच 'कोटावाला' म्हणतं आणि टेबलवर हसू पसरतं. मी ज्या ऑफिसात अडीच वर्षं काढली, तिथं असं हसू पसरलं होतं. मी हसलो होतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तो दोन टेबलं सोडून डबा खात होता.

पुढच्या शनिवारसाठी

तुमचाही असा ग्रुप असेल तर चापेक बंधूंचं नाटक जरूर वाचा. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात, सेट लागत नाही, आणि रोल इतके की कोणी रुसत नाही. चिठ्ठ्या मात्र टाकाच. आपल्याला कोणता किडा निघतोय, यातच अर्धी गंमत आहे.

आपल्या मराठीत किडे नसले तरी हसवता हसवता चिमटा काढणारी नाटकं आहेत. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका घ्या. नट दोन, सेट काही नाही, मागणी फक्त पाण्याची. सत्तरच्या दशकातली ही एकांकिका पुढे कित्येक भाषांत गेली. विजय तेंडुलकरांच्या 'पाहिजे जातीचे'मध्ये एक एम.ए. झालेला पोरगा गावातल्या कॉलेजात प्राध्यापकी टिकवायला धडपडतो. नोकरीला नवीन लागलेल्यांनी तर वाचायलाच हवं. आणि २०१२ मध्ये आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव, संकल्पना संभाजी भगत यांची. शिवाजी महाराजांना न्यायला साक्षात यम येतो, महाराज निघतात, पण त्यांचे विचार मागेच राहतात. मग ते ज्या डोक्यात आहेत, ते डोकं शोधत यम पगडी घेऊन वणवण फिरतो! हसून हसून पुरेवाट होते, आणि घरी जाताना आपल्या डोक्यात नक्की काय आहे, हे चाचपावंसं वाटतं.

माझं काही नाही हो...

आता माझ्या बिळाचं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलंय. गेल्या महिन्यात मालक भाड्याला आले तेव्हा मी धीर करून विचारलं, "काका, माझ्या आधी माझा एक मित्र आला होता फ्लॅट बघायला. त्याला का नाही म्हणालात?"

काका जराही रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, माझं काही नाही हो! पण बिल्डिंगमध्ये बाकीचे असतात ना."

म्हटलं, बाकीच्यांना विचारून बघू. पहिल्या मजल्यावरचे काका, समोरचं नवीन जोडपं, तिसऱ्या मजल्यावरच्या टीचर, सोसायटीचे सेक्रेटरी. चार दारं वाजवली. चौघांनी आत बोलावलं, दोघांनी चहा दिला. चौघांचं उत्तर एकच. "माझं काही नाही हो, पण बाकीचे असतात ना."

मित्राला सांगितलं तर म्हणाला, "चौथा अंक लिहायला घे."

लिहीन कधीतरी. सध्या आम्ही दोघं मिळून टू बीएचके शोधतोय. ॲग्रीमेंट दोघांच्या नावावर, आणि कागदावर त्याचं नाव आधी. तळेगाव ते चिंचवड सहा फ्लॅट पाहिले. चार ठिकाणी 'फॅमिलीलाच' ऐकलं. दर वेळी मी विचारलं, "फॅमिलीलाच की अजून काही?" दर वेळी समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाचव्या ठिकाणी भाडं झेपेना. सहाव्या ठिकाणी काकूंनी चष्मा लावून दोघांची पूर्ण नावं वहीत लिहून घेतली. आम्ही श्वास रोखून उभे. काकूंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पाणी सकाळी सहा ते सात. मोटर कोण लावणार, ते आधी ठरवा. मागच्या पोरांनी फार भांडणं केली त्यावरून."

टोकन सोमवारी देतोय. जिना उतरताना मित्रानं विचारलं, "मागची पोरं कुठे गेली, विचारलंस का?"

विचारलं होतं. एकाचं लग्न झालं, दुसरा बंगलोरला गेला.